बाळाचं पोट का उडतं?

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या थंडीत, सोलापुरात घरोघरी ऐकू येतं: ‘बाळाला गार वारं बाधलं, सर्दी छातीत उतरली.’ वाऱ्याचा यात दोष नाही. छातीत उतरतो तो विषाणू, आणि तान्ह्या बाळांत बहुतेकदा तो ‘आरएसव्ही’ असतो. मोठ्यांचं त्यानं बहुधा नुसतं नाक गळतं. तेच मोठे बाळाचा पापा घेतात.

हा विषाणू श्वासनलिकेच्या अगदी बारीक फांद्यांच्या अस्तराला सूज आणतो. मग धाप बाळालाच का लागते? प्वाझय या फ्रेंच संशोधकानं १८४०च्या सुमारास दाखवलं, की नळी अरुंद झाली की प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतो. ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास ६ उरतो आणि अडथळा सुमारे ३ पट होतो. ४ मिलिमीटरच्या नळीत तेवढ्याच सुजेनं व्यास २ उरतो. अडथळा १६ पट! बाळाच्या टोकाच्या नलिका तर याहून कितीतरी बारीक.

त्यात झडलेल्या पेशी आणि चिकट स्राव साचतो. श्वास घेताना नलिका जराशा रुंदावतात, सोडताना आकसतात. त्यामुळे आत गेलेली हवा अडकून पडते. फुगलेल्या छातीखाली श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, जोर लावावा लागतो, म्हणून पोट उडतं आणि बरगड्यांखाली खळगा पडतो. अशा पोटावर बिब्ब्याचे चटके देणं हा निव्वळ छळ आहे. आधीच दमलेल्या जिवाला वर जखम आणि जंतुसंसर्गाची भीती.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही; इथे नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं दूध पाजणं आणि गरज पडली तर ऑक्सिजन, हेच उपचार. न्यूमोकोकस या जिवाणूचा न्यूमोनिया वेगळा. त्यात वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, पू भरतो आणि अँटिबायोटिकच जीव वाचवतं. त्याची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना मोफत मिळते.

दोन्हींतला फरक घरी कळणार नाही, पण श्वास मोजता येतात. बाळ शांत असताना अंगावरचं झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर दवाखाना गाठा. खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर मोजतही बसू नका.