जेटिंग आणि क्लचिंग: खोल बर्फात स्नोमोबाइल गुदमरते तेव्हा दोष नेमका कुठे असतो

"गाडी ओढत नाही." गॅरेजमध्ये दिवसातून दोन-तीनदा तरी हे वाक्य कानावर येतंच. नाशिकातलं अंबड, सातपूर, पंचवटी, कुठलंही गॅरेज घ्या, गिऱ्हाईक एवढंच सांगतं. या एका वाक्याखाली दोन वेगळे आजार लपलेले असतात. एकात इंजिनातच ताकद तयार होत नाही. दुसऱ्यात ताकद तयार होते, पण ती चुकीच्या गिअरमध्ये खर्च होते. पहिल्याचा इलाज बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या जेटमध्ये सापडतो, दुसऱ्याचा व्हेरिएटरमध्ये, म्हणजे बेल्ट-पुलीच्या आपोआप गिअर बदलणाऱ्या क्लचमध्ये. वरून दोन्ही इतके सारखे दिसतात, की वर्षानुवर्षं हात काळे केलेला माणूसही चुकीचं झाकण उघडतो.

हाच घोटाळा मी मागच्या डिसेंबरात कॅनडाच्या बर्फात झालेला पाहिला, तोही मोबाइलच्या पडद्यावर. माझा मावसभाऊ ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकला राहतो. तिथल्या डोंगरांवर माणूस कमरेपर्यंत बुडेल इतका भुसभुशीत बर्फ पडतो आणि लोक स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्की आणि मागे चाकांऐवजी लांब फिरता पट्टा असलेल्या बर्फातल्या गाड्या, घेऊन त्यात उतरतात. त्याने एक जुनी ८०० सीसीची, दोन कार्बोरेटरची टू-स्ट्रोक मशीन घेतली, ती सपाट मुलखातून, रेजायना शहराकडून. तिकडे रात्रीचे आठ, इकडे सकाळचे साडेनऊ. मी नुकतंच शटर उघडलं होतं. त्याने कॅमेऱ्यासमोर एक पिस्टन धरला. एक्झॉस्टच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, अ‍ॅल्युमिनियम वितळून रिंगवर फासलेलं. पिस्टन चिकटला होता.

"दादा, चार्टप्रमाणे जेट टाकले होते. तरी आरपीएम येईना, म्हणून अजून दोन नंबर खाली गेलो."

"प्लग दाखव." प्लग पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं. "क्लच उघडलास का?"

"क्लचला काय झालंय? बेल्ट तर नवा आहे."

माझ्या मते, जेटिंग आणि क्लचिंग यांतला गोंधळ या एका उत्तरात आख्खा दिसतो.

जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध मोजून पाडलेलं भोक. त्यावरचा नंबर जितका मोठा, तितकं भोक मोठं आणि तितकं पेट्रोल जास्त. आरएक्स १०० वर हात बसलेल्या नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही. कार्बोरेटर तिथेही मिकुनी कंपनीचा आणि जुन्या स्लेजवरही (स्नोमोबाइललाच स्लेज म्हणतात) बहुधा मिकुनीचाच. अडचण अशी, की कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही. त्याला फक्त हवेचा प्रवाह कळतो. उंचावर हवा विरळ होते, पण आत जाणाऱ्या हवेचा घोट तेवढाच राहतो आणि पेट्रोल जवळपास पूर्वीइतकंच ओढलं जातं. मग मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. प्लग काळा पडतो, धूर वाढतो, आवाज भडभड येतो, कारण टू-स्ट्रोक इंजिन एक फेरी सोडून पेट घ्यायला लागतं.

इथे उंचीबरोबर थंडीही धरावी लागते आणि हे गणित मला फार आवडतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारी आपल्याकडे एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.०५ किलो भरतं. रेव्हलस्टोकच्या डोंगरावर २००० मीटर उंचीवर, उणे १० तापमानात, तेही जवळपास १.०५ किलोच भरतं. म्हणजे त्या बर्फातलं इंजिन आणि मे महिन्यात द्वारका चौकात उभी असलेली आपली गाडी, दोन्ही सारख्याच वजनाची हवा ओढतात. रेजायनाची उंची मात्र नाशिकएवढीच, पण तिथे हिवाळ्यात पारा उणे २५ पर्यंत सहज उतरतो आणि त्या हवेचं वजन १.३३ किलोच्या घरात जातं. भावाची मशीन त्या घट्ट हवेसाठी जेट केलेली होती. डोंगरावर नेल्याबरोबर तिच्या वाट्याची हवा एक पंचमांशाने कमी झाली. पहिल्या दिवशी ती गुदमरली यात नवल नव्हतं आणि जेट लहान करण्याचा त्याचा पहिला निर्णय शंभर टक्के बरोबर होता. मशीनवर चिकटवलेल्या चार्टमध्ये उंची आणि तापमान यांच्या रकान्यांत जेटचा नंबर दिलेला असतो, त्याप्रमाणेच त्याने टाकला. ७१०० वर अडकणारं इंजिन ७५०० पर्यंत आलं. त्या इंजिनाची खरी ताकद ७९०० च्या आसपास. उरलेले ४०० कुठे गेले, हे त्याने जेटमध्येच शोधलं आणि तिथे पिस्टन गेला.

ते ४०० क्लचमध्ये होते. स्नोमोबाइलच्या बाबतीत क्लच म्हणजे लिव्हर दाबायचा क्लच समजू नका. ती आपल्या बिनगिअरच्या स्कूटरसारखी बेल्ट-पुलीची रचना आहे. पुढची पुली क्रँकवर, मागची पुली पट्ट्याकडे जाणाऱ्या शाफ्टवर, मध्ये रबरी बेल्ट. स्कूटरच्या पुढच्या पुलीत सहा रोलर असतात, स्लेजच्या पुलीत बहुधा तीन वजनदार बोटं. इंजिन फिरलं की ही वजनं बाहेर फेकली जातात, पुलीची एक बाजू दुसरीकडे ढकलतात, बेल्ट वर चढतो आणि गिअर उंच होतो. समोरून स्प्रिंग विरोध करते. मागच्या पुलीत तिरकस खाचांचा कॅम आणि आणखी एक स्प्रिंग असते. लोड आला, की ती जोडी बेल्टला घट्ट धरते आणि पुन्हा खालच्या गिअरकडे आणते. चांगली जुळलेली स्लेज फुल थ्रॉटलवर एका आरपीएमवर उभी राहते आणि वेग वाढत जातो, इंजिनाचा सूर बदलत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं बेल्ट घसरतोय. तसं नसतं. इंजिन आपल्या ताकदीच्या शिखरावर बसलेलं असतं आणि गिअर त्याच्याखाली सरकत असतो.

ते शिखर कुठे बसेल, हे वजनं ठरवतात. वजनाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. वजन जड असेल तर कमी फेऱ्यांतच पुली मिटते, गिअर लवकर उंच होतो आणि इंजिन खाली दाबलं जातं. वजन हलकं असेल तर इंजिनाला तेवढाच जोर मिळवायला जास्त फिरावं लागतं. रेजायनाच्या घट्ट हवेत ते इंजिन जड वजनं सहज पेलत होतं. डोंगरावर जेट अगदी बरोबर असले, तरी हवाच कमी म्हणजे ताकद कमी. ती जड वजनं आता त्याला ७५०० च्या वर येऊच देईनात. तिथे जेटचा काही संबंध राहिला नव्हता.

हे मला लगेच ओळखता आलं, कारण नांदुरीहून सप्तशृंगी गडावर ओटीचं सामान नेणाऱ्या एकाची स्कूटर माझ्याकडे याच तक्रारीवर आली होती. मागे नारळांचं पोतं, पुढे पाय ठेवायच्या जागी चुनऱ्यांचे गठ्ठे. सपाटीला ठीक, घाट लागला की दम जायचा. आधीच्या ठिकाणी तिचा कार्बोरेटर तीनदा खोलला गेला होता. मी चालवून पाहिली तर आवाज स्वच्छ, धूर नाही, प्लग चॉकलेटी. इंजिन निरोगी होतं, फक्त उंच गिअरमध्ये अडकल्यासारखं कण्हत होतं. पुली उघडली, तर रोलर एका बाजूने घासून चपटे झाले होते आणि बेल्ट पातळ झाला होता. त्यामुळे पुली नीट उघडमीट करत नव्हती. रोलर आणि बेल्ट बदलल्यावर त्याच सामानासह ती गडावर गेली. कार्बोरेटरला मी हातही लावला नाही.

म्हणून ओळखण्याची पहिली खूण आवाज. रिच इंजिन भडभडतं, जड क्लचचं इंजिन स्वच्छ पण खालच्या सुरात अडकतं. दुसरी खूण प्लग: फुल थ्रॉटलवर ओढून, थ्रॉटल तसाच धरून स्विच बंद करायचा आणि तिथेच प्लग काढून पाहायचा. आरामात परत येऊन काढलेला प्लग काहीच सांगत नाही, तो परतीच्या वाटेचा रंग दाखवतो. तिसरी, फुल थ्रॉटलवर क्षणभर चोक ओढायचा. आरपीएम पडला तर मिश्रण रिच किंवा ठीक. वाढला तर मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, लगेच थांबा. चौथी खूण हाताची: एका लांब चढानंतर इंजिन बंद करून पुलीवर हात टेकवून पाहायचा. चटका बसला तर बेल्ट घसरतोय आणि ताकद उष्णतेत जातेय. ती भानगड क्लचची, जेटची नव्हे.

चुकीचा आजार धरला तर काय होतं, यात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिच इंजिनाला हलकी वजनं घालून आरपीएम वाढवला, तर पेट्रोल वाया जाईल, प्लग खराब होतील, इंजिन मात्र शाबूत राहील. जड क्लचवर जेट लहान करत गेलात तर इंजिन जातं. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल पिस्टनला थंडही करत असतं. मशीनला वेगळा ऑइल पंप असला तरी तो थंडावा पेट्रोलचाच. जेट कमी केल्यावर आरपीएम थोडा वाढतोच, कारण लीनच्या अलीकडे ताकद किंचित जास्त मिळते. तोच थोडासा वाढलेला आकडा माणसाला फसवतो. भावाला दोन नंबरांनी जेमतेम शंभर आरपीएम मिळाले आणि त्या शंभरावर विश्वास ठेवून त्याने एक लांब चढ ओढला.

जाता जाता पेट्रोलबद्दल एक सांगतो, कारण तिकडचे चार्ट वाचून इकडे गाड्या ट्यून करणारी पोरं हल्ली बरीच आहेत. ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी पेट घेण्याला पेट्रोल किती विरोध करतं त्याचा आकडा; कॅनडा-अमेरिकेच्या पंपावरचं ९१ आणि आपल्या मोजणीतलं ९१ एक नाही. आपला आकडा रिसर्च ऑक्टेनचा, त्यांचा दोन पद्धतींच्या सरासरीचा. त्यांचं ९१ आपल्या ९५ च्या जवळ बसतं.

रस्त्यावर ४०० आरपीएम कमी पडले तर गाडी हळू जाईल, एवढंच. खोल बर्फात ते ४०० म्हणजे मशीन तरंगणार की गाडली जाणार याचा निकाल. स्लेजचा पट्टा बर्फ मागे फेकत असतो, त्या वेगावर मशीन वर उचलून राहते. पट्ट्याचा वेग पडला, की ती स्वतःखाली चर खणते आणि बुडते. पावसात निफाडच्या काळ्या मातीत मोटारसायकल घातलेल्यांना हे माहीत आहे: चालतेय तोवर चालते, एकदा थांबली की एक्सलपर्यंत रुतते आणि वर थ्रॉटल दिला तर आणखी खाली जाते. बर्फाला एक सोय आहे. पायांनी तुडवून दाबला आणि थोडा वेळ दिला तर तो घट्ट बसतो, वर चढायला पायरी होते. काळी माती तसं काही करू देत नाही.

झाडांमधून जाताना मागच्या पुलीचं महत्त्व कळतं. थ्रॉटल सोडून, मशीन एका बाजूला पायाने झुकवून, वळून पुन्हा थ्रॉटल द्यायचा असतो. त्या सेकंदभरात बेल्ट खालच्या गिअरवर परत आलेला हवा. नाही आला तर मशीन थांबते, चर खणते आणि चढावर आडवी पडते. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त. तिथे अडकलेल्याला सोडवायला दुसऱ्याने त्याच उतारावर मशीन घालणं म्हणजे दोन माणसं एका संकटात. म्हणून उतारावर एका वेळी एकच जण, आणि प्रत्येकाच्या अंगावर बीकन (गाडला गेला तर जागा कळवणारं यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं. क्लच नीट जुळवणं हासुद्धा मी सुरक्षेचाच भाग मानतो.

नव्या मशीनमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे हवेचा दाब मोजणारा सेन्सर पेट्रोल आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळे जेटिंगचा प्रश्न जवळपास मिटला. क्लचिंगचा मिटलेला नाही. सेन्सर पेट्रोल बदलतो, पुलीतली वजनं बदलत नाही. स्की-डू या स्नोमोबाइलच्या ब्रँडने २०२० च्या मॉडेलमध्ये टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो दिला. टर्बो उंचावरची हरवलेली हवा परत भरून देतो, म्हणून तिथे डोंगरावरही वजनं जडच लागतात. साध्या मशीनला स्वतः टर्बो लावून जुनी हलकी वजनं तशीच ठेवली, तर आरपीएम हद्दीबाहेर पळतो. पट्टा जास्त लांब किंवा जास्त उंच दात्यांचा केला तर उलटं होतं: लोड वाढतो, इंजिन दबतं आणि बिचाऱ्या इंजिनालाच दोष दिला जातो.

भावाने नवा पिस्टन घातला, जेट चार्टवर परत आणले आणि तिन्ही वजनं प्रत्येकी पाच ग्रॅमने हलकी केली. तिन्ही काट्यावर मोजून, एकसारखी, नाहीतर पुली थरथरते. मशीन ७९०० वर उभी राहिली. त्याने मला फक्त आवाज पाठवला होता, चढावरचा, वीस सेकंदांचा. सूर कुठेही हलत नव्हता.

एक गोष्ट त्याला मी पुन्हापुन्हा बजावली आहे. रेव्हलस्टोक गाव ४८० मीटरवर, त्याच्या ट्रेलची सुरुवात गावाजवळूनच, माथा २००० च्या आसपास. माथ्यासाठी टाकलेले जेट खालच्या घट्ट हवेत लीन पडतात. मेन जेट शेवटच्या पाव थ्रॉटलमध्ये काम करतो, त्याआधी बरंचसं कार्बोरेटरमधल्या निमुळत्या सुईवर चालतं. म्हणून खालच्या टप्प्यात अर्ध्याच्या वर थ्रॉटल उघडायचा नाही, कितीही मोकळा रस्ता दिसला तरी. आणि मशीन कधी परत रेजायनाला न्यायची वेळ आली, तर आधी जेट मोठे करायचे, मगच मशीन सुरू करायची. वजनं दुसऱ्या दिवशी बदलली तरी चालतील.