सिग्नल लागला, पेट्रोल गेलं

लाल दिव्यापाशी उभं राहिलं की आपण सेकंद मोजतो. खरं तर मोजायला हवेत थांबे. १००० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने धावताना तिच्यात सुमारे ६२ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती उष्णता होऊन उडून जाते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं, तर तोच वेग पुन्हा गाठायला साधारण १० मिलिलिटर पेट्रोल लागतं, म्हणजे दोन चमचे. छोट्या गाडीचं इंजिन तेवढ्यात मिनिटभर नुसतं चालू राहतं. सिग्नलला इंजिन बंद करणं चांगलंच, पण हे दोन चमचे त्याने परत येत नाहीत.

मग हिरवा दिवा लांबवावा? ही मागणी नेहमीची. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली याचं सूत्र मांडलं: वाहनांचा खोळंबा कमीत कमी व्हायला फेरी, म्हणजे सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळून जायला लागणारा वेळ, किती असावी. प्रत्येक वेळी सिग्नल सुटताना आणि लागताना काही सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. चार बाजूंचे प्रत्येकी ४ धरले तर एका फेरीत १६ सेकंद वाया. चारही बाजूंची वाहनं पार पडायला तासातली ३६ मिनिटं निव्वळ हिरवा पुरत असेल, तर सूत्रानुसार पूर्ण फेरी सुमारे ७२ सेकंदांची हवी. ४५ मिनिटं लागत असतील तर ११६. आणि ५४ लागत असतील तर थेट २९०! एवढा वेळ कोण उभं राहणार? तिथे दोष दिव्याचा उरत नाही, गर्दीचा असतो.

थांबे कमी करायचे तर चौकांची आपसात सांगड हवी. दोन चौकांत ५०० मीटर अंतर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर असेल, तर पुढचा दिवा ५० सेकंदांनी हिरवा व्हावा. तिथे आधीच दुचाक्यांची रांग उभी असेल तर जरा आधीच. उलट दिशेच्या वाहनांनाही हिरव्या दिव्यांची हीच लाट मिळते, पण फेरी नेमकी १०० सेकंदांची असेल तर. चौक काही असे मोजून मापून वसलेले नसतात.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली ईस्ट लिबर्टी भागातल्या ९ सिग्नलांवर वेगळा मार्ग धरला. प्रत्येक चौक येणारी वाहनं स्वतः हेरतो, आपलं वेळापत्रक त्या क्षणी आखतो आणि किती वाहनं सोडली ते शेजारच्या चौकाला कळवतो. प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्के, तर थांबून राहण्याचा ४० टक्के घटला. धुराची घट २१ टक्के सांगितली गेली.

वेबस्टरच्या हिशेबात खोळंबा होतो तो वाहनांचाच. १८ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालीने ओलांडायला पायी चालणाऱ्याला १५ सेकंद लागतात, आजीबाईंना त्याहून जास्त. फेरी लांबली की धूर न सोडणारा हा माणूसच कडेला सर्वात जास्त वेळ ताटकळतो.