रंगसुधारक फिल्टर : ८ व १६ मिमी. चित्रीकरणातील

फिल्म ज्या उजेडासाठी बनवली तो आणि प्रत्यक्षातला उजेड यांच्या रंगातली तफावत भरून काढणारी काचेची किंवा जिलेटिनची रंगीत चकती. दिव्याच्या उजेडासाठीची (३२०० वा ३४०० केल्व्हिन; केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप) फिल्म उन्हात वापरली तर चित्र निळे पडते. त्यावर ८५ मालिकेतला नारिंगी फिल्टर. उन्हाची फिल्म दिव्याखाली तांबूस पडते. त्यावर निळा ८०ए. नारिंगी साधारण दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, निळा चक्क दोन. आधीच उजेडाची चणचण, त्यात दोन स्टॉपची भर. त्यामुळे घरगुती चित्रीकरणात दिव्याची फिल्म घ्यायची आणि उन्हात नारिंगी लावायचा, हीच रीत रुळली. कोडॅक्रोम ४० ही दिव्याची फिल्म दिव्याखाली ४० एएसएची (एएसए म्हणजे फिल्मच्या वेगाचे, उजेड टिपण्याच्या क्षमतेचे माप), तर फिल्टरसह उन्हात २५ची धरली जाई.

सुपर ८ (८ मिमी.चा कार्ट्रिजमधून येणारा प्रकार, १९६५) कॅमेऱ्यांत हा नारिंगी फिल्टर बहुधा आतच बसवलेला असतो. सूर्य आणि बल्ब अशी चित्रे असलेली कळ तो आत-बाहेर करते. दिव्याच्या फिल्मच्या कार्ट्रिजला एक खाच असते. खाच नसलेली कार्ट्रिज कॅमेऱ्यातली खिट्टी दाबते आणि फिल्टर आपोआप बाजूला होतो. मात्र ही खिट्टी प्रत्येक कॅमेऱ्यात नसते. त्यातून बहुतेक कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरकडचा उजेड फिल्टरच्या आधीच फुटतो, म्हणून डोळ्याला काहीच कळत नाही. कृष्णधवल फिल्मवर फिल्टर चुकून राहिला तर उजेड घटतो, आकाश गडद होते. काहींना ते आवडतेही. खात्री करायची तर कार्ट्रिज काढून, भिंग खिडकीकडे धरून कॅमेरा चालवावा आणि गेटमध्ये (फिल्मवर उजेड पडतो ती चौकट) डोकवावे: चौकट नारिंगी दिसते की पांढरी? मग खिट्टी बोटाने दाबून पुन्हा पाहावे. जुन्या कॅमेऱ्यात फिल्टर विटलेला किंवा अडकलेलाही सापडतो.

रिव्हर्सल फिल्ममध्ये कॅमेऱ्यात गेलेली पट्टीच पडद्यावर येते, त्यामुळे चूक कायमची. निगेटिव्हचा रंग स्कॅननंतर बराच सावरता येतो, म्हणून ५००टीसारख्या (५०० एएसएची दिव्याची निगेटिव्ह) फिल्मवर काहीजण ८५ लावतच नाहीत. तरी भर उन्हात तिचा वेग आवरायला तो उपयोगीच पडतो.

१६ मिमी.च्या बोलेक्स एच१६ कॅमेऱ्याच्या अनेक मॉडेलांत जिलेटिनचा तुकडा भिंगामागच्या फटीत सरकवतात. तिथे तो फिल्मच्या इतका जवळ असतो की त्यावरची धूळ आणि ओरखडे चित्रात उमटू शकतात. फिल्टर नको असला तरी रिकामी चौकट फटीत ठेवावीच लागते, नाहीतर तिथून उजेड शिरून फिल्म धुरकटते.