बेकारीचे दर, आफ्रिकेतील : तुलना

श्रमशक्तीतील, म्हणजे काम करणाऱ्या व काम शोधणाऱ्या एकूण लोकांतील, बेकारांचे शेकडा प्रमाण म्हणजे बेकारीचा दर. दक्षिण आफ्रिकेत तो २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत ३२.१ टक्के होता. नायजरचा अंदाज एक टक्क्याच्या आसपास दिला जातो. यावरून नायजर सुस्थितीत आहे असे मुळीच ठरत नाही. जिथे बेकारभत्ता नाही आणि घरात साठवण नाही, तिथे बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मोलाने करावे लागते, आणि तशा माणसाची गणना रोजगारात होते.

व्याख्येचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९२५ मध्ये या विषयावर ठराव केला. मात्र आजच्या मोजणीची चौकट साधारणतः १९५४ व १९८२ च्या ठरावांतून आली असे मानणे अधिक सयुक्तिक. संदर्भ-आठवड्यात (पाहणीत ज्या आठवड्याविषयी विचारले जाते त्यात) एक तासही मोबदल्याचे काम केलेले नसणे, कामास उपलब्ध असणे आणि कामाचा शोध चालू असणे या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच व्यक्ती बेकार ठरते. श्रमबाजार असंघटित असेल तिथे शोधाची अट शिथिल करण्याची मुभा १९८२ च्या ठरावात होती. २०१३ च्या ठरावाने ती काढून घेतली आणि मुख्यतः घरच्या वापरासाठी केलेली शेती रोजगाराबाहेर ठेवली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण आफ्रिकेत त्याचा परिणाम मोठा आहे. रुआंडाने नवी व्याख्या स्वीकारल्यावर २०१७ मध्ये दर १५ टक्क्यांच्या पुढे गेला. जुन्या मोजणीत तो अगदीच अल्प होता.

नायजेरियात उलटे घडले. तेथे आठवड्यास २० तासांहून कमी काम करणारे रोजगारात धरले जात नसत (त्याआधी ही मर्यादा ४० तासांची होती). २०२० च्या अखेरच्या तिमाहीचा दर ३३.३ टक्के आला. एका तासाची आंतरराष्ट्रीय कसोटी लावल्यावर २०२२ च्या अखेरच्या तिमाहीसाठी ५.३ टक्के हा आकडा प्रसिद्ध झाला. या दोन आकड्यांची वजाबाकी करून बेकारी घटली असे म्हणता येणार नाही.

दक्षिणेकडील देशांतील चढ्या दरांची कारणे विवाद्य आहेत. काही अभ्यासक वेतनाची ताठर, म्हणजे सहसा खाली न येणारी, रचना पुढे करतात. काही वर्णभेदी राजवटीचा वारसा दाखवतात : जमिनी गेल्याने लहान शेतीचा आधार तुटला, कृष्णवर्णीयांच्या व्यापारावर निर्बंध होते आणि वस्त्या कामाच्या ठिकाणांपासून दूर वसवल्या गेल्या. अनौपचारिक क्षेत्र, म्हणजे नोंदणी नसलेले छोटे धंदे व कामे, तुलनेने इतके लहान का, याचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक होतो. शोध सोडून दिलेल्यांना धरणारा विस्तृत दर दक्षिण आफ्रिकेत २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत ४१.१ टक्के होता. नामिबियाने विस्तृत व्याख्येनेच २०१८ मध्ये ३३.४ टक्के हा दर दिला, त्यामुळे तो दक्षिण आफ्रिकेच्या अधिकृत दराशी थेट ताडू नये.

सर्वेक्षणे अनियमित असलेल्या देशांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे प्रतिमानाधारित, म्हणजे सांख्यिकीय मॉडेलवरून काढलेले, अंदाज वापरतात.