ख्लोरोस : ओल्या रंगाची बेरीज

इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास अथेन्सच्या बाजारातील एका जागेला लोक ‘ख्लोरोस त्युरोस’ म्हणत. लिसिअस या वक्त्याच्या एका न्यायालयीन भाषणात या जागेचा उल्लेख आहे. प्लाटिया गावचे लोक दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी तेथे जमत. ‘त्युरोस’ म्हणजे चीज, आणि ‘ख्लोरोस’ या ग्रीक विशेषणाचा अर्थ शब्दकोश ‘पिवळसर हिरवा’ असा देतात. पण ते चीज हिरवे नव्हते. ते नुकतेच केलेले, अंगात पाण्याचा अंश असलेले ताजे चीज होते. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये, कारण आपण ओल्या शेंगा किंवा ओले काजू म्हणतो तेव्हा ते पाण्यात भिजलेले असतात असे नाही. ते वाळवलेले नसतात, एवढेच आपल्याला सांगायचे असते.

ख्लोरोसचा हा ‘ओला’ अर्थ होमरच्या महाकाव्यांपासून दिसतो. ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात एकाक्ष राक्षसाच्या गुहेत ऑलिव्हच्या लाकडाचा एक प्रचंड सोटा पडलेला आहे. तो ख्लोरोस आहे, आणि वाळल्यावर हातात बाळगता यावा म्हणून राक्षसाने तो तोडून ठेवला आहे, असे कवी लगेच पुढे सांगतो. येथे ख्लोरोसच्या विरुद्ध टोकाला दुसरा रंग नाही, वाळणे आहे. ‘इलियड’मध्ये मधही ख्लोरोस आहे, आणि योद्ध्यांना ग्रासणारी भीतीही. नंतरच्या कवींनी दवाला आणि रक्तालाही हेच विशेषण लावले.

मध, लाकूड, भीती आणि रक्त एकाच रंगाचे कसे, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना बुचकळ्यात टाकले. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांनी १८५८ मध्ये असा तर्क मांडला की होमरच्या काळातील ग्रीकांची रंगदृष्टीच पुरती विकसित झालेली नव्हती. हा तर्क टिकला नाही. तीन हजार वर्षांत मानवी डोळ्याची घडण बदललेली नाही. बदलते ती भाषेने आखलेली सीमारेषा. एखादी भाषा रंगाची छटा मोजते, तर दुसरी त्याच शब्दात वस्तूचा ताजेपणा, रस आणि चमकही गुंडाळते.

भीतीच्या बाबतीत तर ग्रीकांचे निरीक्षण चांगलेच बारीक होते, असे मला वाटते. माणूस घाबरला की त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हिमोग्लोबिनमुळे आलेली लाली ओसरते. मागे उरते ती त्वचेतील मेलॅनिन आणि कॅरोटीन यांची तपकिरी-पिवळसर झाक. आपण अशा चेहऱ्याला पांढराफटक म्हणतो, पण गव्हाळ चेहरा खरोखर पांढरा पडत नाही. त्याला पिवळट-हिरवट कळा येते. सॅफो ही कवयित्री प्रेमाने व्याकूळ झालेल्या स्वतःच्या देहाला ‘गवताहूनही ख्लोरोस’ म्हणते, तेव्हा तिला हीच कळा अभिप्रेत असावी.

या शब्दाचे गोत्र आपल्या घरापर्यंत येते. पिवळा आणि हिरवा अशा दोन्ही रंगांकडे झुकणाऱ्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून ग्रीकमध्ये ख्लोरोस आला आणि संस्कृतात ‘हरि’, ‘हरित’ व ‘हिरण्य’ आले. आपला ‘हिरवा’ हा हरितापासून आणि ‘हळद’ ही हरिद्रेपासून, म्हणजे स्वयंपाकघरातील हळद आणि बांधावरचे हिरवे गवत ही भाषेच्या नात्याने भावंडेच ठरतात.

अर्थ असा निसटता असला, तरी ग्रीक शब्दाला एक नेमका आकडाही असतो. ग्रीकांच्या रूढ अंकपद्धतीत अंकांसाठी वेगळी चिन्हे नव्हती. वर्णमालेतील २४ अक्षरांत तीन जुनी अक्षरे मिळवून झालेली २७ अक्षरेच एकक, दशक आणि शतक यांसाठी नऊ-नऊ अशी वाटली जात. त्यामुळे कोणत्याही शब्दाची बेरीज करता येई. ख्लोरोसमध्ये खीचे ६००, लॅम्डाचे ३०, ओमेगाचे ८००, ऱ्होचे १००, ओमिक्रॉनचे ७० आणि शेवटच्या सिग्माचे २०० मिळून बरोबर १८०० होतात. समान बेरजेचे शब्द शोधण्याच्या या खेळाला ‘आयसोसेफी’ म्हणतात. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातील एका भिंतीवर कोणा प्रेमिकाने ‘जिचा अंक ५४५ आहे, तिच्यावर माझे प्रेम आहे’ असे खरडून ठेवले आहे. रोममध्ये तर ‘नेरोन’ (सम्राट नीरो) या नावाची आणि ‘त्याने स्वतःच्या आईला मारले’ या ग्रीक शब्दांची बेरीज सारखीच, म्हणजे १००५ येते, यावर लोकांनी उपहासाची ओळ रचली होती. (आपल्याकडे अक्षरांना अंक देणाऱ्या कटपयादी पद्धतीने ‘जय’ या शब्दाचे १८ होतात आणि महाभारताची पर्वेही १८, हा याच जातीचा आनंद.)

पण १८०० या आकड्यात ख्लोरोसचा अर्थ दडला आहे का? तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे शब्दाचे लिंग बदलून पाहणे. स्त्रीलिंगी ‘ख्लोरा’ची बेरीज १५३१ येते आणि नपुंसकलिंगी ‘ख्लोरोन’ची १६५०. ग्रीकमध्ये घोडा पुल्लिंगी आणि लाकूड नपुंसकलिंगी, म्हणून घोडा असेल तर १८००, आणि लाकूड असेल तर १६५०. रंगात मात्र तसूभरही फरक नाही. आकडा अर्थाला चिकटलेला नसून प्रत्ययाला चिकटलेला आहे.

त्याहून मौजेची गोष्ट ‘ओख्रोस’ या शब्दाची. त्याचाही अर्थ फिकट, पिवळा. चित्रकारांचा ‘यलो ऑकर’ याच शब्दाच्या कुळातला. ओख्रोसची बेरीज १७७०, म्हणजे ख्लोरोसपेक्षा नेमकी ३० ने कमी, आणि लॅम्डाचे मूल्यही ३०. याचे कारण असे की ओख्रोसच्या पाच अक्षरांत एक लॅम्डा मिळवला आणि क्रम बदलला की ख्लोरोस तयार होतो. अंकशास्त्र्याला येथे गूढ सापडेल, पण हा निव्वळ योगायोग आहे. असे योगायोग टाळताच येत नाहीत. ज्यांची बेरीज २००० पेक्षा कमी आहे असे ५००० शब्द घेतले, तर निदान एका बेरजेवर तीन किंवा अधिक शब्द येऊन बसणारच. गणितात याला कबुतरखान्याचे तत्त्व म्हणतात. त्यांतल्या एखाद्या जोडीत अर्थाचा धागा शोधणे कल्पक माणसाला मुळीच अवघड नाही.

बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथात शब्द आणि अंक दोन्ही शेजारीशेजारी भेटतात. श्वापदाचा अंक ६६६ आहे असे सांगणारा हाच ग्रंथ, आणि मृत्यू ज्यावर स्वार आहे तो घोडा ख्लोरोस आहे असे सांगणाराही हाच. भाषांतरांत तो घोडा सहसा ‘फिकट’ होतो. पण अवघ्या दोन अध्यायांनंतर जळून जाणारे हिरवे गवतही याच शब्दाने वर्णिलेले आहे.

विज्ञानाने हा शब्द उचलला तो त्याच्या दुहेरीपणासकट. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी पिवळट-हिरव्या वायूला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. १८१७ मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानांतील हरितद्रव्य वेगळे काढले आणि त्यासाठी ‘क्लोरोफिल’ हा शब्द घडवला. चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळेनासे झाले की हरितद्रव्य नीट तयार होत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. उसावर असे झाले की आपले शेतकरी त्याला केवडा म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव ‘क्लोरोसिस’. असे एखादे पान उन्हासमोर धरून पाहिले तर शिरा अजून हिरव्या दिसतात आणि त्यांच्यामधली जागा पिवळी झालेली असते. होमरच्या माणसाला त्या दोहोंसाठी एकच शब्द पुरला असता.