क्रम्बल बार ओले का होतात? सगळा खेळ पाण्याचा

रुबार्ब (आंबट देठांची भाजी, पण फळासारखी वापरतात) आणि स्ट्रॉबेरीचे क्रम्बल बार (खाली मैदा-बटरचा थर, मध्ये फळ, वर तसाच चुरा) केले, वरून मस्त सोनेरी दिसले आणि कापायला घेतले तर खाली नुसता लगदा, ही तक्रार खूप जण करतात आणि लगेच ओव्हनला नाहीतर रेसिपीला नावं ठेवतात. पण जरा आकडे बघा. स्ट्रॉबेरीत साधारण ९१ टक्के पाणी असतं आणि रुबार्बचे देठ एवढे कडक, दोरेदार दिसतात तरी त्यात त्याहून जास्त, ९३-९४ टक्के. म्हणजे अर्धा किलो फळात साडेचारशे ग्रॅमच्या वर पाणीच आहे, आणि ते आपण मैदा-बटरच्या थरावर टाकतोय.

कच्च्या देठात हे पाणी पेशींमध्ये कोंडलेलं असतं. गरम झालं की पेशीपटलं फाटतात, पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळायला लागतं आणि देठाचे बघता बघता धागे सुटतात. साखर तर उष्णतेशिवायच हे काम सुरू करते. चिरलेल्या तुकड्यांवर साखर घालून अर्धा तास ठेवा, बाउलच्या तळाशी गुलाबी रस जमलेला दिसेल, हेच ऑस्मोसिस, बाहेर साखर जास्त म्हणून पाणी पेशीतून बाहेर येतं. मला स्वतःला हा रस आधीच काढून, पातेल्यात आटवून परत फळात मिसळणं सगळ्यात बरं वाटतं, कारण चव सगळी राहते आणि फक्त पाणी कमी होतं.

उरलेलं पाणी धरून ठेवायला कॉर्नफ्लॉर, म्हणजे मक्याचा स्टार्च. त्याचे कण थंड पाण्यात नुसते तरंगतात, ६०-७० अंश सेल्सियसच्या आसपास फुगायला लागतात, पण साखर पाण्यावर आपला हक्क सांगते म्हणून गोड रसात त्यांना आणखी जास्त तापमान लागतं. त्यामुळे कडेला बुडबुडे आले म्हणून ट्रे बाहेर काढू नका, मधोमध पण रस जाडसर, संथ बुडबुड्यांनी उकळायला हवा. आणि उलट फार वेळ ठेवलं तरी पंचाईत, कारण रुबार्बमध्ये मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर, आणि ॲसिडमध्ये स्टार्च खूप वेळ उकळला तर त्याच्या साखळ्या तुटून रस परत पातळ होतो.

ॲसिडचा एक फायदा मात्र फार सुंदर आहे, स्ट्रॉबेरीचा लाल रंग ज्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो ते आंबट वातावरणात लालच राहतं. (रुबार्बचा देठ हिरवा असला तरी चालतो, रंग जातीवर असतो. पानं मात्र अजिबात खायची नाहीत, ती विषारी असतात, पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ती भाजी म्हणून खाऊन विषबाधा झालेली आहे.) ॲल्युमिनियमच्या ट्रेशी पण हे ॲसिड रिॲक्ट होतं, त्यामुळे काचेचा ट्रे घ्या नाहीतर बेकिंग पेपर घाला.

आता वरचा थर. बटर थंडच हवं, ते मैद्याच्या कणांना वेढून बसतं आणि पाणी आत पोचू देत नाही म्हणून ग्लूटेन (मैद्याला चिवट करणारी प्रोटीनची जाळी) फारसं तयार होत नाही, थर भुसभुशीत राहतो. बटरमध्ये स्वतःचं पण १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून बोटांनी फक्त चुरायचं, मळायचं नाही. ओव्हन १८० अंशांवर असला तरी फळाचा थर ओला असेपर्यंत १०० अंशांच्या फार पुढे जात नाही, वरचा चुरा मात्र कोरडा होऊन १४० पार करतो आणि तिथे साखर आणि प्रोटीनची मेलार्ड रिॲक्शन जोरात सुरू होते, तो खरपूस वास तिचाच. खालच्या थराला ही संधी मिळत नाही कारण त्याच्यावर पाणी बसलेलं असतं, म्हणून तो फळ घालायच्या आधी १२-१५ मिनिटं एकटा भाजून घ्यायचा.

आणि प्लीज गरम असताना कापू नका! त्या वेळी स्टार्च फुगलेला असतो पण त्याची जाळी घट्ट झालेली नसते आणि बटर पण वितळलेलं असतं. थंड होताना स्टार्चचे रेणू एकमेकांना धरतात, बटर घट्ट होतं आणि मग सुरी सरळ खाली जाते. ट्रे तोवर जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते.