गेममास्टर आणि खेळाडू यांच्यातील विश्वास

गेममास्टर आणि खेळाडू यांच्यातील विश्वास : टेबलाभोवती बसून तोंडी खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत, गोष्ट व नियम सांभाळणारा गेममास्टर आणि पात्रे चालवणारे खेळाडू यांनी एकमेकांशी कितपत खरे वागायचे याविषयीचा संकेत. तो बहुधा कुठे लिहिलेला नसतो. मोडला की मात्र सगळ्यांना कळतो.

या खेळांची सुरुवात १९७४ मध्ये अमेरिकेत, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. गोष्टीतल्या जगाची सगळी माहिती एकट्या गेममास्टरकडे असते. ‘स्क्रीन’ म्हणून उभ्या केलेल्या पुठ्ठ्यामागे त्याचे नकाशे, शत्रूची ताकद आणि पुष्कळदा त्याचे फासेही असतात. अविश्वासाला जागा मिळते ती या पुठ्ठ्याआड.

शत्रूच्या वारासाठी गेममास्टरने टाकलेला वीस बाजूंचा फासा पडला अठरावर. अठरा सांगितले तर पहिल्याच तासात एकाचे पात्र मरते, म्हणून गेममास्टर ‘नऊ’ म्हणतो. याला ‘फजिंग’ म्हणतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या गेममास्टर-मार्गदर्शकात, पडद्याआड फासे टाकल्यास हवा तर निकाल बदलता येतो, असे सरळ म्हटले आहे. म्हणजे ही चोरी नियमबाह्य नाही. उलट व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) जवळपास सगळे फासे खेळाडूच टाकतात, आणि प्रामाणिकपणाला धरून जे असेल तेच बोल, अशी गेममास्टरला ताकीद आहे.

कोल्हापूरकराला हा वाद कुस्तीच्या भाषेत पटकन कळतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात बसणाऱ्याला निकाली कुस्ती आणि नुरा कुस्ती यांतला फरक सांगावा लागत नाही. नुरा कुस्तीतही डाव दिसतात, घाम गळतो, एक जण चितपट होतो. पण ठरवून केलेले आहे असे एकदा समजले की मागे पाहिलेल्या चांगल्या कुस्त्यांवरही संशय येतो. फजिंगचे खरे नुकसान हेच. दयेपोटी बदललेला एक आकडा उघडा पडला, की त्याआधी निसटता मिळवलेला प्रत्येक विजय खेळाडूला दान वाटू लागतो. ‘खेळाडूंच्या आनंदासाठी’ हे समर्थन म्हणूनच तोकडे आहे.

तरीही सगळे काही फाशावर सोडलेच पाहिजे, असे नाही. राजारामपुरीतल्या एखाद्या हॉलमध्ये सतरंजीवर पाच जण बसून जुलै १६६० ची पन्हाळ्याहून सुटका खेळत आहेत असे धरू. बाहेर सिद्दी जौहरचा वेढा, वर पाऊस. शेवट तर पोराटोरांनाही पाठ! इथे गेममास्टरने सुरुवातीलाच सांगावे : “हे बघा भावांनो, महाराज विशाळगडावर पोचणार, ते ठरलंय. तुम्ही बांदलांचे मावळे. तुमच्यातलं कोण पोचतंय ते मात्र फाशावर, त्यात मी हात घालणार न्हाई.” बंधन आहे, पण उघड. त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही.

फसवणूक दुसरीकडे होते. मसाई पठाराच्या अलीकडे वाट फुटते. पठारावरून जायचे की ओढ्याच्या काठाने, यावर पाचही जण वीस मिनिटे भांडतात आणि शेवटी ओढा निवडतात. गेममास्टरने मात्र शत्रूची चौकी अशी ठेवलेली असते की जी वाट धराल तिच्यावर ती येणार. त्या दिवशी खेळ रंगतोही. पुढे कधीतरी चहा पिताना गेममास्टर हे कौतुकाने सांगतो, आणि पुढच्या डावाला कुणी वाटेवरून भांडत नाही.

याच गोष्टीत शिवा काशीदही आहे. महाराजांचे सोंग घेऊन तो शत्रूच्या छावणीत गेला. तेव्हा गोष्टीच्या आत खोटे बोलणे या खेळात गैर नाही, ते खेळाचे अंगच आहे. सिद्दीचा सरदार बनून गेममास्टर वाटेल ती थाप मारू शकतो. पण निवेदक म्हणून ‘दाराला बाहेरून कडी आहे’ असे तो म्हणाला, तर कडी असलीच पाहिजे. खेळाडूला डोळे असतात ते निवेदकाचेच. या दोन आवाजांची सरमिसळ झाली की खेळाडू सरदाराऐवजी मित्रावर चिडतात.

खेळाडूंचा वाटा कमी नाही. फासा सतरंजीच्या काठावर तिरका अडकला की ‘धरायचा नाही, परत टाकतो’, आणि तोच तिरका फासा वीस दाखवत असेल तर ‘धरायचा’. जखमांचे गुण वजा करायला विसरणे. विकतची मोहीम, म्हणजे आधीच लिहून छापलेली गोष्ट, असेल तर ती आधी गुपचूप वाचून येणे. गेममास्टर एकटा असल्याने त्याची चोरी मोठी दिसते, एवढेच.

विश्वासाची आणखी एक बाजू फाशांशी संबंधित नाही. पहिल्या डावाआधीच्या बैठकीत, म्हणजे ‘सेशन झिरो’मध्ये, कोणते विषय नकोत हे ठरवतात. जॉन स्टाव्ह्रोपौलोस यांनी रूढ केलेल्या ‘एक्स कार्ड’ पद्धतीत टेबलावरच्या कार्डाला हात लावला की तो प्रसंग वगळायचा. कारण सांगायची सक्ती नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात प्रयाग चिखली, आंबेवाडीकडे ज्याचे घर पंचगंगेच्या पाण्यात होते, त्याला रात्री चढत जाणाऱ्या पाण्याचे वर्णन नको असू शकते. त्याने कार्डाला हात लावल्यावर ‘का रे?’ विचारणारा गेममास्टर पुढच्या वेळी त्याचा हात कार्डापर्यंत येऊ देत नाही.

लपवलेला फासा आणि बदललेला फासा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भिंतीमागे कुणी दबा धरून आहे का, हे मावळ्याला कळले की नाही, याचा आकडा उघड टाकला तर आकड्यावरूनच सगळे कळते. असे फासे झाकावेच लागतात. यावर घरगुती तोड सोपी आहे. फासा स्टीलच्या ताटलीत सगळ्यांसमोर टाकायचा, खणखणत असतानाच वर वाटी पालथी घालायची. आकडा गेममास्टरने वाटीची कड किंचित उचलून एकट्याने पाहायचा. प्रसंग संपेपर्यंत वाटी ताटलीतच राहते, आणि मग ती एखाद्या खेळाडूने उचलायची.